अद्भुताने दिलेला शब्द

बर्फाळ किनारा, लांब शिडाची नाव, कुऱ्हाड धड पेलता न येणारा पोरसवदा नायक, त्याच्या कुळावर आलेले संकट, वाटेत भेटणारे राक्षस, बुटके लोहार आणि कपटी देव, शेवटी हाती लागणारी एखादी शापित अंगठी किंवा तलवार. व्हायकिंगांच्या जगावर बेतलेल्या किशोर-कादंबरीचा हा साचा आता मराठी घरांतही ओळखीचा झाला आहे. काही मुले अशी कादंबरी इंग्रजीतून वाचतात, काही अनुवादातून, आणि कित्येकांची तिच्या देवांशी ओळख आधी पडद्यावर होते, पुस्तक मागून येते. वाचून झाले की मुले बोलतात. कोण आवडले, कुठे कंटाळा आला, कुठे लेखकाने फसवले, शेवट पटला की नाही, हे ती तावातावाने सांगतात. मोठी माणसे ते कौतुकाने ऐकतात आणि सोडून देतात. प्रस्तुत संग्रह ते बोलणे गंभीरपणे घेतो. या प्रस्तावनेतला मुद्दा असा की किशोर वाचकाचे मत म्हणजे केवळ आवड-नावड नव्हे. अद्भुतकथा पहिल्या काही पानांतच वाचकाला एक शब्द देते: या जगात अमुक घडू शकते, अमुक घडू शकत नाही, आणि प्रत्येक शक्तीची अमुक किंमत आहे. तो शब्द पाळला गेला की मोडला, याचा हिशेब तेरा-चौदा वर्षांचा वाचक विलक्षण काटेकोरपणे ठेवतो. मराठी समीक्षेने अद्भुताला बहुधा दोनच प्रश्न विचारले: हे संभवते का, आणि यातून बोध काय. मुलांचा तिसरा प्रश्न तिने फारसा विचारला नाही. तो विचारायला शिकणे हे या संग्रहाचे प्रयोजन आहे.

हा प्रश्न किती जुना आणि किती सार्वत्रिक आहे, ते दोन बांधकामांच्या दंतकथा शेजारी ठेवल्या की कळते. पहिली वेरूळच्या कैलास लेण्याची. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात ती येते. राजाचा आजार बरा व्हावा म्हणून राणीने घृष्णेश्वराला नवस बोलला: शिवाचे मंदिर बांधीन आणि त्याचा कळस पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, पण मंदिराचा कळस दिसायचा म्हणजे महिने जाणार आणि तोवर राणी जगायची नाही. स्थपतींनी हात टेकले. तेव्हा पैठणचा कोकस पुढे झाला आणि आठवड्यात कळस दाखवतो म्हणाला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून खोदायला सुरुवात केली, कळस आधी घडवला आणि पाया शेवटी. नवसाचा शब्दही राहिला आणि राणीही वाचली. दुसरी गोष्ट उत्तरेची. तेराव्या शतकातल्या स्नोरी स्टुर्लुसनने आइसलँडमध्ये ती लिहून ठेवली. देवांच्या नगरीला, आसगार्डला, तटबंदी हवी होती. एक अनोळखी कारागीर आला आणि बदल्यात सूर्य, चंद्र व फ्रेया देवी मागू लागला. देवांनी अट घातली की एका हिवाळ्यात, आपल्या घोड्याखेरीज कुणाची मदत न घेता, काम पुरे झाले पाहिजे. काम खरेच पुरे होत आले तेव्हा देव घाबरले. लोकी या कपटी देवाने घोडीचे रूप घेऊन कारागिराच्या घोड्याला भुलवून नेले, मुदत टळली, आणि संतापलेला कारागीर राक्षस आहे असे दिसताच थॉरने त्याला ठार केले. तट अपुरा राहिला, शपथा मात्र मोडल्या.

दोन्ही गोष्टींत मुदत आहे, अट आहे आणि अशक्य वाटणारे काम आहे. वेरूळची गोष्ट सुटते ती अटीच्या आतूनच. चमत्कार होत नाही, देव प्रकटत नाही. बांधकामाचा क्रम उलटा केला जातो, आणि कैलास लेणे खरोखरच वरून खाली कोरलेले असल्यामुळे त्या दंतकथेला समोरचा खडकच साक्ष देतो. उत्तरेची गोष्ट अट मोडून सुटते, आणि कथा ते विसरू देत नाही. त्या पुराणकथांत देवांचा अंत दिसतो तो अशा मोडलेल्या शपथांच्या वाटेने. लहान वाचकाला दोन्ही पटतात, कारण दोन्ही गोष्टी आपापल्या जगाच्या कायद्याशी प्रामाणिक आहेत. हिरण्यकशिपूचा वरही असाच एक करारनामा आहे: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. वेरूळच्या दशावतार लेण्यात कोरलेला नरसिंह त्या करारातल्या फटीतून आत आला आहे. उत्तरेच्या बाल्डरची कथा याच जातीची. जगातल्या प्रत्येक वस्तूने त्याला इजा न करण्याची शपथ घेतली, एक कोवळे बांडगूळ तेवढे सुटले, आणि लोकीने नेमके तेच हेरले. फट शोधणे हा अद्भुतकथेतला मोठा आनंद आहे. पण फट आधीपासून करारात असावी लागते. लेखकाने ती ऐन वेळी पाडली की वाचक चिडतो, आणि ते चिडणे रास्त असते.

आता या कादंबरीमागच्या साहित्याचा नकाशा. इतिहासकार व्हायकिंग काळ साधारणपणे इ.स. ७९३ पासून धरतात. त्या वर्षी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरील मठ लुटला गेला. शेवट १०६६ मध्ये, स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत नॉर्वेचा राजा पडला तेव्हा. या सुमारे पावणेतीनशे वर्षांत हे लोक लुटारू होते तसेच शेतकरी, नावाडी, सुतार आणि व्यापारीही होते. आइसलँडमध्ये त्यांनी ९३० च्या सुमारास आल्थिंग ही लोकसभा भरवली आणि त्याच लोकांनी गुलामांचा व्यापारही केला. त्यांच्या देवांच्या कथा मात्र आपल्यापर्यंत त्यांच्या हातून आलेल्या नाहीत. आइसलँडने सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोन शतकांनी, १२२० च्या आसपास, स्नोरीने कवींना जुने संकेत कळावेत म्हणून ‘एड्डा’ रचला. याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कवितांची प्रमुख हस्तलिखित पोथी १२७० च्या सुमाराची, म्हणजे इकडे म्हाइंभट लीळाचरित्राची जुळवाजुळव करत होते त्याच काळातली. ‘मूळ नॉर्स कथा’ म्हणून जे सांगितले जाते ते आधीच एका वेगळ्या श्रद्धेच्या माणसांनी, साहित्य म्हणून, उशिरा जपलेले आहे. पुढचे सगळे कादंबरीकार याच पुनर्कथनाच्या परंपरेतले आहेत. शुद्ध-अशुद्धतेचा वाद त्यामुळे फार ताणण्यात अर्थ नाही.

एकोणिसाव्या शतकात हे साहित्य नव्याने उचलले गेले. विल्यम मॉरिसने आइसलँडच्या एइरिकुर माग्नुसॉनसोबत वोल्सुंगांची सागा १८७० मध्ये इंग्रजीत आणली. १८७६ मध्ये वाग्नरचे याच कथांवर बेतलेले संगीतनाट्य पूर्ण स्वरूपात रंगमंचावर आले आणि त्यातल्या वेशभूषेने व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंगांचे शिरस्त्राण चढवले. प्रत्यक्षात त्या काळचे शिंगवाले शिरस्त्राण कुठेही सापडलेले नाही. रायडर हॅगार्डने याच शतकाच्या अखेरीस आइसलँडच्या सागांच्या धर्तीवर साहसकादंबरी लिहिली. त्याआधी १८६४ मध्ये ज्यूल व्हर्नने आपल्या प्राध्यापकाला स्नोरीच्याच ग्रंथाच्या पानांत दडलेली रुनिक लिपीतली चिठ्ठी मिळवून दिली आणि आइसलँडच्या ज्वालामुखीतून भूगर्भात धाडले. ही भूगर्भयात्रा भा. रा. भागवतांनी मराठी मुलांपर्यंत पोचवली. उत्तरेच्या अद्भुताशी मराठी किशोरांची ओळख अलीकडच्या चित्रपटांनी करून दिली, हा समज त्यामुळे अर्धवट ठरतो. फास्टर फेणेच्या जनकाने आणखी एक दार कधीच उघडून ठेवले होते.

विसाव्या शतकातले निर्णायक पुस्तक म्हणजे टोल्कीनचे १९३७ चे ‘हॉबिट’. त्यातल्या बुटक्यांची बहुतेक नावे एड्डातल्या कवितेतून उचललेली आहेत. सोन्यावर वेटोळे घालून बसलेला ड्रॅगनही जुन्या उत्तरी काव्यातलाच. या पुस्तकाच्या जन्मकथेत एका मुलाचे मत आहे, म्हणून ती इथे सांगायला हवी. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले आणि अभिप्रायासाठी एक शिलिंग दिला. मुलाने अनुकूल अभिप्राय दिला आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल असे नोंदवले. पुस्तक निघाले. मुलाचा वयोगटाचा अंदाज चुकला, कारण हे पुस्तक थोरांनीही वाचले. कथा धरून ठेवते की नाही, हा त्याचा निवाडा मात्र बिनचूक ठरला. बाल-किशोर वाचकाच्या मताचे बळ आणि मर्यादा दोन्ही या एका प्रसंगात दिसतात. बाजार कुठे आहे हे त्याला कळेलच असे नाही. गोष्टीत जीव आहे की नाही हे त्याला कळते.

त्यानंतरच्या लेखनाच्या ढोबळमानाने पाच वाटा दिसतात. पहिली ऐतिहासिक: हेन्री ट्रीसची १९५५ ते १९६० मधली कादंबरी-त्रयी किंवा रोझमेरी सटक्लिफच्या कादंबऱ्या. इथे जादू जवळजवळ नाही, थंडी, भूक आणि निष्ठा आहे. दुसरी पुनर्कथनाची, नील गेमनने २०१७ मध्ये मूळ कथा साध्या गद्यात पुन्हा सांगितल्या. तिसरी टोल्कीनची, म्हणजे उत्तरेच्या सामग्रीतून संपूर्ण वेगळे जग उभारण्याची. जॉन फ्लॅनगनच्या किशोर-मालिकांतले दर्यावर्दी लोक याच वाटेवरचे. चौथीत देव आजच्या शहरात उतरतात: डायना विन जोन्सने १९७५ मध्ये, आणि रिक रायर्डनने २०१५ पासून ‘मॅग्नस चेस’च्या तीन भागांत हे केले. पाचवी विनोदी. क्रेसिडा कॉवेलच्या २००३ मध्ये सुरू झालेल्या ड्रॅगन-मालिकेतला किरकोळ अंगाचा हिकप हा शौर्याच्या सगळ्या कल्पनांची फिरकी घेतो. प्रत्येक वाट वाचकाला वेगळा शब्द देते. ऐतिहासिक कादंबरीत ऐनवेळी देव धावून आला तर फसवणूक, विनोदी कादंबरीत नायक एकाएकी अजिंक्य झाला तर फसवणूक. मुलांची मते वाचताना ती कोणत्या वाटेवरच्या पुस्तकाविषयी आहेत हे आधी पाहिले पाहिजे. नाहीतर ‘यात लढाया कमी आहेत’ ही तक्रार रास्त की गैरलागू, हे ठरवता येत नाही.

मराठीतले चित्र पाहिले तर अद्भुताचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस कथा मराठीत आणायला घेतल्या त्या १८६० च्या दशकातच. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मराठी कादंबरी बाळसे धरत होती तीच अद्भुताच्या अंगाखांद्यावर. लगोलग तिच्यावर टीकाही झाली. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ यात या कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर बोट ठेवले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी घरातल्या आणि समाजातल्या वास्तवाकडे वळवली, आणि त्या वळणाचे महत्त्व वादातीत आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ मध्ये कादंबरीवर लिहिताना अद्भुताची बाजू घेतली, पण समीक्षेचा मुख्य प्रवाह वास्तवाच्याच बाजूने वाहत राहिला. वाचक मात्र दोन्ही तीरांवर होते. गो. ना. दातार, नाथमाधवांची ‘वीरधवल’, पुढे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. ‘आनंद’, ‘चांदोबा’, ‘किशोर’ या मासिकांनी राक्षस, वेताळ आणि राजकन्या घरोघर नेल्या. ज्यांनी ही पुस्तके रात्र-रात्र जागून वाचली त्यांनीच मोठेपणी त्यांना ‘बालपणीचे वेड’ म्हटले. वेड का लागले होते, त्या पुस्तकांनी काय नेमके जमवले होते, याचे विश्लेषण मागे राहिले.

संभाव्यतेची कसोटी अद्भुताला लावली की ते नापास होणारच. बोधाची कसोटी लावली की पास होण्यासाठी ते शेवटी एक तात्पर्य चिकटवते, आणि किशोर वाचक नेमके तेवढे पान गाळतो. टोल्कीनने १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात तिसरी कसोटी मांडली: लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो, त्या जगाला आतून सुसंगती असेल तोवर वाचक त्यावर विश्वास ठेवतो, आणि सुसंगती तुटली की जादू संपते. मुलांना हे व्याख्यान माहीत असण्याची गरज नाही. ती हेच निकष आपल्या भाषेत लावतात. ‘त्याला उडता येत होतं तर आधीच का नाही उडाला?’ हा प्रश्न सुसंगतीचा आहे. ‘ओडिनने डोळा दिला, मग याला सगळं फुकट कसं मिळालं?’ हा किंमतीचा, कारण नॉर्स देवांचा प्रमुख ओडिन यालाही ज्ञानासाठी डोळा द्यावा लागला. ‘ती मेली होती ना? मग परत कशी आली?’ हा मृत्यूच्या नियमाचा. ‘पुढच्या भागासाठी मुद्दाम अर्धवट ठेवलंय’ हा तर थेट कराराच्या भंगाचा आरोप.

‘हॉबिट’मधल्या कोड्यांच्या सामन्याचेच उदाहरण घ्या. नायक बिल्बो आणि त्याला अंधारात भेटलेला गॉलम पैज लावून एकमेकांना कोडी घालतात, आणि शेवटी बिल्बो विचारतो की माझ्या खिशात काय आहे. हे कोडे झाले का? ही लबाडी नव्हे का? पिढ्यानपिढ्यांचे वाचक यावर भांडत आले आहेत, आणि टोल्कीनलाही तो मुद्दा इतका जाणवला की पुढच्या ग्रंथाच्या उपोद्घातात त्याने त्या वादाची दखल घेतली. १९५१ च्या आवृत्तीत तर तो अध्यायच बराचसा बदलला. गंमत अशी की या लबाडीला उत्तरेचाच आधार आहे. एड्डातल्या एका कवितेत ओडिन एका ज्ञानी राक्षसाशी प्राण पणाला लावून प्रश्नोत्तरे करतो आणि अखेरीस विचारतो की बाल्डरला चितेवर ठेवण्याआधी ओडिन त्याच्या कानात काय म्हणाला. त्याचे उत्तर ओडिनखेरीज कुणालाच ठाऊक असणे शक्य नाही. इतक्या जुन्या कवितेत जो अन्याय ठेवला आहे, तोच आजचा आठवीतला वाचक बोट लावून दाखवतो. याला मी समीक्षा म्हणतो. तिच्यात परिभाषा नसेल, पण निकष आहे, पुरावा आहे आणि निष्कर्षही आहे.

यावर पहिला आक्षेप घरचा असतो: आपले देव, आपले राक्षस, आपले किल्ले असताना परक्यांचे कशाला? वेरूळच्या परिसरात तर हा आक्षेप अधिकच जोरकस वाटावा. चौतीस लेणी, बौद्ध, हिंदू आणि जैन. कैलासाच्या भिंतींवर रामायण-महाभारताचे प्रसंग चित्रकथेच्या पट्ट्यांसारखे ओळीने कोरलेले. रावण कैलास हलवतो आहे आणि वर शिव निश्चल. गावाचे नाते मालोजी आणि शहाजी भोसल्यांशी, घृष्णेश्वर मंदिराचे अहिल्याबाईंशी. चक्रधरस्वामींचा मुक्कामही इथे झालेला. एवढे असताना ओडिन कशाला? उत्तर असे की या दोन जगांमध्ये आपण समजतो तेवढी भिंत त्या काळीही नव्हती. लिंडिसफार्नवर हल्ला झाला तेव्हा कैलास खोदवणाऱ्या राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिल्याला जाऊन सुमारे वीसच वर्षे झाली होती; व्हायकिंगांच्या नावा युरोपच्या नद्या पालथ्या घालत होत्या त्याच शतकांत वेरूळची जैन लेणी कोरली जात होती. अरब प्रवासी या दोन्ही टोकांना पोचले. इब्न फदलानने ९२२ मध्ये व्होल्गाकाठी उत्तरेच्या व्यापाऱ्यांचे वर्णन केले, आणि त्याच शतकात अल-मसूदीने राष्ट्रकूट सम्राटाला, अरबांच्या ‘बल्हरा’ला, हिंदुस्थानच्या राजांत अग्रस्थान दिले. स्वीडनच्या भूमीत अरबी चांदीची नाणी हजारोंनी सापडली. हेल्गो बेटावर १९५० च्या दशकातल्या उत्खननात तर साधारण सहाव्या शतकातली, भारतीय उपखंडाच्या वायव्येकडे घडलेली छोटी बुद्धमूर्ती मिळाली. वस्तू जर इतक्या दूर जात असतील, तर गोष्टींना मज्जाव करणारे आपण कोण?

तरीही या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकून चालणार नाही. उसनवारी ही अडचण नाही, एकतर्फीपणा ही आहे. मराठी किशोराला आसगार्डची भूगोलासकट माहिती असते, पण कोकसावर बेतलेली, त्याच्या हातोडीचा आवाज ऐकवणारी अद्भुत कादंबरी त्याला द्यायची म्हटले तर हात रिकामा राहतो. पुराणकथांची पुनर्कथने आपल्याकडे उदंड आहेत, ऐतिहासिक कादंबऱ्याही आहेत. वर सांगितलेल्या पाच वाटांपैकी तिसरी आणि चौथी, म्हणजे आपल्या सामग्रीतून नवे जग उभारण्याची आणि जुन्या देवांना आजच्या चौकात आणण्याची, या मात्र ओसाड आहेत. त्यामागे भावना दुखावण्याची भीती आहे, प्रकाशकांची सावधगिरी आहे, आणि अद्भुताला दुय्यम मानणारी आपली जुनी सवयही आहे. नॉर्स देवांना आज मोठ्या संख्येने भक्त नाहीत, म्हणून तिथला लेखक मोकळा आहे. आपल्या लेखकाला ते स्वातंत्र्य जबाबदारीने मिळवावे लागेल. परक्या कादंबऱ्यांवरची मुलांची मते इथे उपयोगी पडतात, कारण आपल्या मुलांना कशाची भूक आहे याचा तो सरळ पुरावा आहे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. हे लोक लुटारू, गुलाम विकणारे. त्यांचे शौर्य मुलांपुढे का ठेवायचे? शिवाय विसाव्या शतकात नाझींनी याच पुराणकथांना वंशश्रेष्ठत्वाच्या दावणीला बांधले, आणि आजही काही गट त्यांची चिन्हे मिरवतात. हा इतिहास मुलांपासून लपवू नये असेच माझे मत आहे. टोल्कीनने १९४१ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात हिटलरने उत्तरेच्या या वारशाची विटंबना केल्याचा संताप व्यक्त केला होता. त्या वारशावर प्रेम करणारा माणूसच त्याच्या गैरवापरावर सर्वांत कडाडून बोलू शकतो, एवढे त्यातून घ्यावे. चांगल्या किशोर-कादंबऱ्या लुटीचे पोवाडे गात नाहीत. नॅन्सी फार्मरच्या २००४ च्या ‘द सी ऑफ ट्रोल्स’मध्ये नायक हा पळवून नेलेला मुलगाच आहे, वाचक व्हायकिंगांच्या नावेत बसतो तो बंदिवानाच्या जागी. लढवय्या मुलींच्या बाबतीत तर वाचकांचे मत आणि संशोधन यांची चांगलीच गाठ पडली आहे. ‘त्या काळी मुली कुठे लढत होत्या’ असा शेरा अशा कादंबऱ्यांवर हमखास येतो. स्वीडनच्या बिर्का येथील शस्त्रे आणि दोन घोड्यांसह पुरलेल्या, एकोणिसाव्या शतकात उकरलेल्या योद्ध्याच्या अस्थी स्त्रीच्या असल्याचे २०१७ मध्ये डीएनए चाचणीतून दिसले. ती प्रत्यक्ष लढत होती का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. म्हणजे मुलांचा वाद पोरकट नव्हता. विद्वानही त्याच वादात आहेत.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे पलायन आहे. आपल्या मुलांनी दुष्काळ, स्थलांतर, परीक्षा, जात यांविषयी वाचावे. ते वाचावेच. पण अद्भुत आणि वास्तव यांत एकाचीच निवड करायची सक्ती कुणी केली? ओडिन ज्ञानासाठी डोळा गमावतो, लांडगा बांधला जावा म्हणून टीर हा देव आपला हात त्याच्या जबड्यात तारण ठेवतो आणि गमावतो. प्रत्येक गोष्टीची किंमत असते आणि ती कुणीतरी मोजते, हे शिकवण्यात ही कथा बहुतेक बोधकथांपेक्षा कठोर आहे. शेवटी देवही हरणार, हे ठाऊक असूनही लढायचे, ही या पुराणकथांची जीवनदृष्टी काही गोंजारणारी नव्हे. यालाच जोडून आणखी एक शंका येते, की मुलांची मते जाहिराती आणि चित्रपट यांनीच घडवलेली असतील तर त्यांना किती किंमत द्यायची? शंका रास्त आहे. पण जाहिरात पुस्तक हातात घ्यायला लावते. दोनशेव्या पानावर ते खाली ठेवायचे की नाही, हे मूल स्वतः ठरवते. अमुक पान आल्यावर कंटाळलो, हे सांगणारे मत कुठल्याही जाहिरातीने शिकवलेले नसते. अशा मतांकडे पाहताना ‘छान’, ‘भारी’ ही विशेषणे बाजूला ठेवून मोडलेल्या किंवा पाळलेल्या नियमाचा उल्लेख कुठे आहे ते शोधावे, एवढी खबरदारी पुरते.

आज हा विषय हाती घेण्याचे कारण वाचनाच्या बदललेल्या क्रमात आहे. १९६२ मध्ये अमेरिकी चित्रकथेत आलेला थॉर पुढे पडद्यावर गेला, ओडिनचे जग खेळांतून मुलांच्या बोटांखाली आले, आणि मराठी मूल त्या जगात पुस्तकाआधीच वावरू लागले. पुस्तकाकडे ते येते ते आधीच तयार झालेल्या अपेक्षा घेऊन. अनुवादही आता आहेत: ‘हॅरी पॉटर’ मराठीत आले, मीना किणीकरांनी ‘हॉबिट’ आणले, मुग्धा कर्णिकांनी टोल्कीनच्या त्यापुढच्या ग्रंथाचे ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे प्रचंड काम पार पाडले. पण अनुवाद झाला म्हणजे संवाद झाला असे नाही. ही पुस्तके वाचणाऱ्या मुलांशी मराठीत बोलणारी समीक्षा जवळपास नाही. मुलाला इंग्रजीत वाचलेल्या पुस्तकावर मराठीत बोलायचे असेल तर त्याच्याजवळ शब्द कमी पडतात, आणि मोठ्यांनी ते पुस्तकच वाचलेले नसते. परिणाम असा की वाचनाचा सर्वांत उत्कट अनुभव मराठीच्या बाहेर राहतो. भाषा टिकवण्याच्या चर्चांत शाळा आणि माध्यम यांवर पुष्कळ बोलले जाते. मूल ज्या गोष्टीसाठी झोप मोडते तिच्याविषयी ते कोणत्या भाषेत भांडते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

या संग्रहाची मांडणी या विचारातून झाली आहे. इथे उत्तरेच्या अद्भुतावर बेतलेल्या किशोर-कादंबऱ्यांविषयीची वाचकांची मते एकत्र आहेत. अनुकूल आहेत तशी कडू आहेत, किशोरांची आहेत तशी पालकांची आणि ग्रंथपालांचीही. ती कथेच्या पाच वाटांनुसार लावली आहेत, म्हणजे एका वाटेचा निकष दुसरीवर लादला जाणार नाही. मते देणाऱ्यांची नावे गाळली आहेत, कारण कोण बोलले यापेक्षा कशाच्या आधारावर बोलले हे इथे महत्त्वाचे. मतांची भाषा सुधारलेली नाही. ‘लेखकाने चीटिंग केलं’ हे वाक्य ‘कथानकात विसंगती आहे’ असे करून छापले असते तर त्यातला आरोपच नाहीसा झाला असता. संपादकांची टिपणे जिथे इतिहास किंवा मूळ कथा ठाऊक असणे आवश्यक आहे तिथेच येतात आणि निवाडा देत नाहीत. कोणती पुस्तके मुलांना द्यावीत याची यादी इथे शोधणाऱ्याची निराशा होईल. एकाच पुस्तकाविषयी दोन वाचक नेमके कुठल्या पानावर वेगळे झाले, हे शोधणाऱ्याला भरपूर सापडेल.

हा संग्रह कुणी वाचावा? शिक्षकांनी वाचावा, पण पुढच्या परीक्षेत ‘या कथेतून काय बोध मिळतो’ हा प्रश्न निदान एकदा तरी बदलून विचारण्याच्या तयारीने: या कथेने सुरुवातीला कोणता नियम सांगितला, आणि तो शेवटपर्यंत पाळला का? लेखकांनी वाचावा, विशेषतः मराठवाड्यातल्या, ज्यांच्या दाराशी कोकस, नरसिंह आणि कैलास हलवू पाहणारा रावण आयते उभे आहेत. या मतांत त्यांना एक तयार वाचक दिसेल. तो लांबीला घाबरत नाही, कठीण नावांना घाबरत नाही, पराभवालाही घाबरत नाही. त्याला फक्त फसवलेले खपत नाही. आणि किशोरांनी तर हा संग्रह वाचावाच, इथल्या मतांशी भांडण्यासाठी. परक्या देवांच्या करारातल्या फटी ज्यांनी इतक्या नेमक्या पकडल्या, त्यांना आपल्या लेखकांकडूनही तितक्याच सचोटीची मागणी करण्याचा अधिकार आहे. ती मागणी पुरवणारी कादंबरी मराठीत लिहिली जाईल तेव्हा तिचे पहिले हस्तलिखित दहा-बारा वर्षांच्या एखाद्या वाचकाच्या हाती द्यावे, आणि तो जे म्हणेल ते छपाईआधी ऐकावे.